जनसुनावणीला जायचं का? जा, पण लिहून न्या

सेवा: नव्या चौपदरी महामार्गाची पर्यावरणविषयक जनसुनावणी. ठिकाण: कोल्हापूर जिल्ह्यातलं एक मंगल कार्यालय. तिकीट नाही, चहा फुकट. पाचपैकी अडीच स्टार.

आधी बरं ते सांगतो. पंखे चालू होते, माईक खरखरत नव्हता, बोलणाऱ्याला कुणी मध्येच खाली बसवलं नाही. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते, पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो, सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं. हे सगळं रीतसर झालं. (2020 च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात 30 चे 20 दिवस करायचं घाटत होतं. तो मसुदाही आधी इंग्रजी-हिंदीतच. बाकीच्या भाषांत आणा, असं दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं.)

आमचा अहवालही इंग्रजीतच, जाडजूड. मराठीत फक्त सारांश, आणि त्यात पान उलटावं तिथं परिणाम ‘नगण्य’. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळं सारांश बाजूला ठेवून थेट पूल आणि मोऱ्यांचा तक्ता उघडला. आमच्या शिवेवरच्या ओढ्याच्या साखळी क्रमांकापुढं (म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरापुढं) ‘हंगामी नाला’ लिहिलेलं आणि पाइपाची एक मोरी दाखवलेली.

मे महिन्यात येऊन बघणाऱ्याला ती मोरीसुद्धा जास्तच वाटेल. ऑगस्टात मात्र ओढ्याचं पाणी नदीला जात नाही, नदीचंच पाणी ओढ्यानं उलटं गावाकडं येतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला आणि 2021 ला ती कुठच्या कुठं मागं पडली आणि शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. पाणी चढतं ते चढतंच; प्रश्न असतो उतरण्याचा. मध्ये भराव आडवा टाकला आणि वाट ठेवली पाइपाएवढी, तर फुगवटा रानातच मुक्काम करतो. उसाच्या पोंग्यात गाळ बसला की ते पीक हातचं गेलं, मग पंचनामे करत बसा. अशा अहवालांत बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजमापं असतात. यातही तसंच होतं. म्हणजे ज्या चार महिन्यांची आम्हाला धास्ती, तेच चार महिने कागदावर नाहीत.

हे मी माईकवर मांडलं. सल्लागार कंपनीचा पोरगा सभ्य होता, म्हणाला, “काका, ते सविस्तर डिझाइनच्या वेळी बघतात.” मी म्हटलं, “मग आज आम्हाला काय बघायला बोलावलंय?” हॉलमध्ये हशा पिकला. पण हशा इतिवृत्तात येत नाही. म्हणून लेखी निवेदन दिलं, सोबत मारुतीच्या देवळाच्या भिंतीवरच्या पुराच्या रेघेचा फोटो जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

दिवसातला सगळ्यात नेमका प्रश्न एका काकींनी विचारला: “तुमच्या त्या बोगद्यातनं उसाची भरलेली ट्रॉली जाते का रिकामी?” पाणंद रस्त्यासाठी ठेवलेल्या भुयारी वाटेची उंची तिथं कुणालाच पटकन सांगता येईना. शेवटी पोरग्यानं वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी त्यानं आपणहून लिहिलेली तेवढीच ओळ.

बाकी वेळ मोबदल्यात गेला. एकरी किती, विहिरीचे किती, घराचे किती. राग खराच आहे, पण जागा ही नव्हे. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनाची हरकत 1956 च्या कायद्याखाली, अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत द्यायची असते. पुढाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, तरी टाळ्यांसाठी ते दरावरच बोलतात.

आणखी एक. इथं हात वर करून रस्ता अडत नाही. ही मतमोजणी नव्हे, आणि कोरमची अटही नाही. हजेरी दहाची असली तरी सुनावणी होते. पण झालेलं कामकाज शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही काही जण मागं थांबलो, म्हणूनच ‘मोरी लहान’ हा मुद्दा ‘पावसाळी पाण्याबाबत सूचना’ एवढाच लिहिल्याचं कळलं. तिथल्या तिथं दुरुस्त करून घेतला.

लिहून काय होतं, असं आमचे बंधू विचारतात. पेंचच्या जंगलातनं जाणाऱ्या नागपूर-सिवनी रस्त्याचं बघा. वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला आणि शेवटी जनावरांना खालनं जाता यावं म्हणून रस्ता जागोजागी वर उचलला. त्यातली सगळ्यात लांब वाट 750 मीटरची, आणि कॅमेऱ्यात वाघ तिच्यातनं जाताना दिसलेत. वाघाला साडेसातशे मीटर मिळतात, तर आमच्या ओढ्याला एका पाइपापेक्षा जास्त मागायला काय हरकत आहे?

इतिवृत्त आलंय. माझ्या मुद्द्यासमोर उत्तर छापलंय: योग्य ती काळजी घेतली जाईल. ही काळजी किती मीटर रुंदीची, हे विचारणारं पत्र टाकलंय. त्याची पोच आली, उत्तर यायचंय. मोरीच्या जागी पूल दाखवला तर स्टार चार करीन.