गंगापूर रोडवरचा जलद वाचनाचा वर्ग: पद्धत चांगली, साहित्य उसने

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेत शनिवार-रविवारी भरणारा जलद वाचनाचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट (कल चाचणी) पेपरमध्ये २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतील बरेच उताऱ्यांवर असतात. साहजिकच वर्गात गर्दी होती ती स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांची.

स्किमिंग आणि स्कॅनिंग यांतला फरक शिक्षकांनी उत्तम समजावला. मजकुराचा एकंदर रोख कळावा म्हणून शीर्षक, उपशीर्षके आणि प्रत्येक परिच्छेदाचे आरंभीचे वाक्य यांवरून नजर फिरवणे हे स्किमिंग, तर काय शोधायचे ते आधी ठरवून तेवढेच टिपणे हे स्कॅनिंग. स्कॅनिंगसाठी वर्तमानपत्रातील बाजारभावांचे पान दिले होते. लासलगावचा कांद्याचा भाव शोधायला नाशिककरांना शिकवावे लागत नाही, तरी सराव म्हणून ते योग्यच होते. आधी प्रश्न वाचून मग उताऱ्याकडे वळण्याची सवय मला सर्वांत उपयोगी वाटली.

खरी उणीव साहित्यात आहे; ते इंग्रजी वाचनाच्या पद्धतीवरून उसने घेतलेले आहे. विशेषनामे कॅपिटल अक्षरांवरून हेरा, असे टिपणांत सांगितले आहे. पण देवनागरीत अशी अक्षरेच नसल्याने मराठी उताऱ्यात नजर अडकते ती आकडे, कंस आणि अवतरणचिन्हांवर. त्याहून घातक सल्ला वाक्याचा पूर्वार्धच वाचण्याचा. ‘समितीने सुचवलेली सवलत सर्व अल्पभूधारक शेतकऱ्यांना लागू करण्यात आलेली नाही’ या वाक्यातील नकार अगदी शेवटच्या शब्दात आहे, आणि तिथवर न पोहोचणारा उमेदवार नेमका उलटा पर्याय निवडतो. मराठीत स्किमिंग करताना वाक्याचा शेवट गाळून चालत नाही, हे वर्गात एकदाही सांगितले गेले नाही.

जाहिरातीतील मिनिटाला हजार शब्दांचे आश्वासन मात्र मनावर घेऊ नये. वाचताना नजर प्रत्येक ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबते आणि एका वेळी मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे वेग वाढवला की शब्द गाळले जातात आणि आकलन घटते.

इंग्रजी उताऱ्यांची धास्ती असणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. मराठी माध्यमातून पेपर सोडवणाऱ्यांनी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोबत नेऊन त्यांवरच सराव घेण्याचा आग्रह धरावा. शिक्षक विचारल्यावर नाही म्हणत नाहीत.