केमोसोबत काढा की केमोऐवजी काढा?

नागपुरात जामठ्याच्या नाहीतर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला पेशंट दाखवून घरी आलं की कोणी ना कोणी गव्हांकुराचा रस नाहीतर वैद्याचा नंबर घेऊन हजरच असते. पण इथं लोक दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करून राहिले.

केमो चालू ठेवून सोबत काही करणं मला तरी पटते. योगानं थकवा, झोप जरा सुधरते, अक्युपंक्चरनं काहींची मळमळ कमी होते. पण "नॅचरल आहे, काय होते" म्हणून कॅप्सूल सुरू नका करू बाप्पा, ग्रीन टीच्या अर्कातला एक घटक मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब औषधालाच चिकटून त्याचा असर मारतो असं लॅबमध्ये अन् उंदरांवर दिसलं आहे. भाजीतली हळद चालते, डबीतल्या हळदीच्या कॅप्सूलचं लेबल मात्र ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवा, ओरडतील म्हणून लपवू नका. भस्म असेल तर आधी विचाराच, काहींत शिसं-पारा सापडला आहे.

आता केमो, ऑपरेशन सगळं सोडून फक्त काढा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात, कॅन्सर दूर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी इलाज करणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीहून जास्त. म्हणजे जो बरा व्हायचा चान्स होता तोच घालवला. वैद्य म्हणते साइड इफेक्ट नाही, अन् गाठ वाढते तो कोणता इफेक्ट मग?