जुना वस्तरा: शेफील्डचा की झोलिंगेनचा?

रोज दाढी करण्यासाठी पहिलाच जुना वस्तरा घेत असाल, तर जर्मनीतल्या झोलिंगेनचा घ्या. त्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, धारेकडे पातळ होत गेलेलं असतं. सहाणेवर धार लवकर बसते.

इंग्लंडातल्या शेफील्डचा, त्यातही वेड अँड बुचर कंपनीचा १९व्या शतकातला रुंद पात्याचा वस्तरा ही वेगळीच चीज आहे. हातात घेताच वजन जाणवतं आणि राठ दाढीतही तो अडखळत नाही. संग्राहकांचा जीव यांच्यावरच जास्त. मात्र पाचरीसारख्या जाड पात्याला धार लावणं नवख्याचं काम नव्हे.

पात्याच्या बुंध्याशी देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा समजावा. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर ते सक्तीचं झालं.

गुंतवणूक म्हणून मला दोन्ही फारसे पटत नाहीत. गिऱ्हाईक मोजकं, आणि धारेवर केसाएवढी चीर दिसली की किंमत कोसळते. तरी घ्यायचाच, तर शेफील्डचा, न झिजलेला. पात्याची पाठ दोन्ही बाजूंनी नीट पाहा. तिथे रुंद सपाट पट्टे पडले असतील, तर तो सहाणेवर बेसुमार घासला गेलाय. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची मूठ कुजत असेल तर तिच्या वाफेने पातंही गंजतं. आणि हस्तिदंती मुठीचा वस्तरा परदेशातून मुळीच मागवू नका. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.