शेततळं की समतल चर?

माण तालुक्यातला भाचा विचारतोय, मामा, डाळिंबासाठी प्लास्टिक कागदाच्या अस्तराचं शेततळं घेऊ की वरच्या माळावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खोदलेले चर, काढायला गावाच्या मागं लागू?

पाणी कुठून येणार ते आधी बघ. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं साधारण 20 लाख लिटर धरतं, पण ते पावसानं थोडंच भरतं? बहुतेक जण विहिरीवर मोटर लावून भरतात. म्हणजे जमिनीतलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, वर बाष्पीभवन आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. चरातलं पाणी मुरूम-खडकातून झिरपत खालच्या विहिरींना लागतं, मातीही माळावरच अडते. कुळकजाईच्या उगमापासून भीमेपर्यंत माणगंगा नदीला तोच आधार.

खर्च तळ्याचा जास्त. कागद उन्हानं तडकतो, एखादं कुत्रं आत पडलं की नखांनी फाटतो. चरांना गाळ काढायचा, बास. अवघड एवढंच की गाव एक व्हायला लागतं.

बाग उभी असेल आणि मे महिना काढायचा असेल तर तळं घे, पण ओढ्याच्या पुरावर भर. बाग अजून लावायची असेल तर आधी चर.