नौपाड्यातला रोमन सणवारांचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात प्राचीन रोमच्या सणवारांवर मराठीतून चार रविवारांचा अभ्यासवर्ग भरला होता. दर वेळी दोन तास, शुल्क १५०० रुपये आणि सोबत छापील टिपणे, असे त्याचे स्वरूप होते. शुल्क वसूल झाले का, असे ओळखीचे लोक विचारतात, तेव्हा मी दुसऱ्या रविवारचे नाव घेतो. त्या एका संध्याकाळसाठी मी पुन्हा पैसे भरेन.

पहिला दिवस कालगणनेचा होता. सीझरपूर्वीचे रोमन वर्ष ३५५ दिवसांचे असे आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी काही वर्षी फेब्रुवारीत जादा महिना घातला जाई. आपला अधिकमास सूर्याच्या संक्रांतीवरून गणिताने ठरतो. तिथे मात्र हा निर्णय पुरोहितांच्या हाती असल्यामुळे त्यात राजकारण शिरले आणि साचलेला घोळ निस्तरण्यासाठी इ. स. पूर्व ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे करावे लागले. व्याख्यात्या बाईंनी ही आकडेमोड फळ्यावर सावकाश करून दाखवली.

दुसऱ्या रविवारी पितरांचा विषय निघाला आणि सभागृह शांत झाले. १३ ते २१ फेब्रुवारी हा पारेंतालियाचा काळ. या दिवसांत देवळांची दारे बंद असत, लग्ने होत नसत आणि लोक आपल्या मृतांच्या थडग्यांपाशी जात. पितरांना फार काही लागत नाही, असे ओव्हिड हा कवी सांगतो : रस्त्याच्या मधोमध खापरावर ठेवलेले थोडे धान्य, मिठाचे चार खडे, मद्यात भिजवलेला पाव आणि सुटी फुले एवढे पुरे. वडिलांचे श्राद्ध दरवर्षी घरी करणाऱ्या मला हे ऐकताना वाडीवर काढून ठेवलेले पान आठवले. दुसऱ्याच दिवशी, २२ फेब्रुवारीला, जिवंत असलेले सगळे नातलग एकत्र जेवायला बसत आणि घरातली भांडणे त्या पंगतीत बाजूला ठेवली जात, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

त्याच संध्याकाळी बाईंनी मे महिन्यातल्या लेमुरियाचा विधी करून दाखवला. ९, ११ आणि १३ मे या रात्री घरातला कर्ता पुरुष मध्यरात्री अनवाणी उठतो, हात धुतो, काळे दाणे मागे टाकत जातो आणि ‘या दाण्यांनी मी स्वतःला व माझ्या माणसांना सोडवतो’ असे नऊ वेळा म्हणतो. मागे वळून मात्र पाहत नाही. शेवटी तो धातूचे भांडे वाजवून भुतांना घराबाहेर जायला सांगतो. बाईंनी काळे उडीद आणि काशाची वाटी आणली होती. वाटीवर चमचा पडला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजींनी नकळत हात जोडले. मुळात ते दाणे बाकल्याच्या जातीचे, उडदापेक्षा बरेच मोठे, हा खुलासा बाईंनी आपण होऊन केला, हे मला आवडले. स्मशानातून परतताना मागे न पाहण्याची आपली रीत सांगूनही दोन्हींत नाते जोडण्याची घाई त्यांनी केली नाही.

तिसऱ्या रविवारी वेस्टालिया, म्हणजे चुलीची देवता वेस्टा हिचा सण होता. ९ जूनला दळणाची जाती बंद ठेवत आणि ती फिरवणाऱ्या गाढवांच्या गळ्यात फुलांचे हार व पावांच्या माळा घालत, हे ऐकून बैलपोळा आठवला नाही असा माणूस तिथे नसावा. राज्याचा अग्नी राखणाऱ्या सहा वेस्टल कुमारिका आणि त्यांचे तीस वर्षांचे व्रत यांना मात्र जेमतेम वीस मिनिटे मिळाली.

शेवटचा वर्ग सॅटर्नालियाचा होता आणि तोच निराशाजनक ठरला. १७ डिसेंबरला एका दिवसाचा म्हणून सुरू झालेला, पुढे आठवडाभर लांबलेला हा सण. सॅटर्न या देवाच्या मूर्तीच्या पायांना वर्षभर बांधलेली लोकर त्या दिवशी सोडत, गुलाम मालकांसोबत जेवत, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत. एवढे असताना अर्धा वेळ नाताळ याच सणातून आला का, या वादात गेला. प्रश्न वाईट नाही, पण त्यापायी मूळ सण मागे पडला.

टिपणांत एकाच देवतेचे नाव तीन पानांवर तीन प्रकारे छापले आहे, ते आयोजकांनी सुधारावे. पंख्याच्या आवाजामुळे मागे ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या रांगेत बसावे. दुसरी एक विनंती : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आणि ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात आलेले आपल्या शेजारच्या कल्याण बंदराचे नाव, यांसाठी पुढील तुकडीत पाचवा रविवार ठेवावा. त्याचे वेगळे शुल्क भरायला मी तयार आहे.