से कॅथेड्रल की बॉम जेझस?
कोकणात बांधकामाला मुख्यतः आपला जांभा, म्हणजे लाल चिऱ्याचा दगड, आणि जांभ्याचं काय होतं ते बघायचं तर जुन्या गोव्यातली ही दोन चर्चं. से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, वर चुन्याचा गिलावा, १७७६ मध्ये एक मनोरा पडला तो परत बांधलाच नाही. भव्य आहे पण मला जरा कोरडं वाटतं. बॉम जेझस (१६०५) मात्र खासच, गिलावा १९५०च्या दशकात काढला त्यामुळे लाल जांभा उघडा, दिसतो एकदम भारी पण दगड सच्छिद्र, पाणी पितो, आपल्या गडग्याची (जांभ्याच्या कुंपणभिंतीची) पावसाळ्यात होते तीच गत. दर्शनी भागातलं कोरीव काम तेवढं काळ्या बसाल्टमधलं, ते टिकाऊ. परत गिलावा करायचा का यावर वाद चालूय, माझं मत करावाच, फोटो गेले खड्ड्यात.