मोझांबिकच्या तुरीची डाळ: आमटीला चालतीय, पण पोत्यावर नाव लिहा की शेठ

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका डाळीच्या दुकानात (नाव देत नाही, कारण खाली तक्रार पण आहे) सुटी तूरडाळ दोन प्रकारची असते, एक आपली देशी आणि दुसरी किलोमागे १५-२० रुपयांनी स्वस्त. स्वस्तवाली कुठली म्हणून विचारलं तर "चांगलीय वहिनी, घेऊन जावा" एवढंच, मग जरा खोदून विचारल्यावर शेठ म्हणाले गजरी जातीची आहे, आफ्रिकेतल्या मोझांबिकची. अख्खी तूर तिकडनं जहाजानं येते आणि डाळ इकडच्या मिलमधे होते.

डाळीचं म्हणाल तर दाणा मोठा, रंग जरा फिकट, खडे कचरा जवळजवळ नाहीच. शिट्ट्या जास्त लागतात, त्यामुळे आधी भिजवूनच टाका. काळा मसाला, चिंच, गूळ पडलेल्या आमटीत घरात कुणाला काही कळलं नाही, भाकरी कुस्करून निवांत जेवले सगळे. पण साधं वरण केलं त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्याच घासाला "ही आपली नाही" म्हणून सांगितलं, वरणाला देशी डाळीचा जो वास असतो तो हिला नाहीये. मेसवाल्यांनी बिनधास्त घ्यावी.

आता ही डाळ सोलापुरात आली कशी, तर २०१५-१६ ला तूरडाळ २०० च्या घरात गेलेली आठवतंय ना, त्यानंतर जुलै २०१६ मधे मोदी तिकडच्या राजधानीत, मापुटोला गेले आणि मोझांबिकशी तूर आणायचा करार झाला, पहिल्या वर्षी १ लाख टन आणि वाढवत वाढवत पाचव्या वर्षी २ लाख टन. २०२१ ला तोच पुढं पाच वर्षं वाढवला. सोयीचं असं की तिकडची तूर जुलै-ऑगस्टला निघते, तेव्हा आपली अजून रानात उभी असते. नांपुला, झांबेझिया भागातले छोटे शेतकरी पिकवतात, स्वतः फारशी खात नाहीत, सगळी भिस्त आपल्यावर. २०१७ ला आपण आयातीवर मर्यादा घातली तर करार असूनही तिकडं भाव पडले. आणि २०२३ च्या शेवटी त्यांच्या बंदरात माल अडकला तेव्हा आपल्याकडं डाळ दीडशेच्या पुढं होतीच.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, तूर दुधनीला जाते. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव क्विंटलला ७,५५० आणि बाजारात त्याच्याखाली, तेव्हा भाऊ या बाहेरच्या तुरीवर लई चिडलेला. त्याचं चुकीचं नाही, पण माझ्या मते राग करारावर काढून उपयोग नाही. देशात ३५ लाख टनांच्या आसपास तूर होते, त्यात करारातले २ लाख टन म्हणजे काय, खरी मार तेव्हा बसली ती म्यानमार, टांझानिया सगळीकडनंच बिनशुल्क माल येत होता त्याची, आणि तेही आपली तूर बाजारात यायच्या टायमाला चालूच ठेवलं.

दुकानाबद्दल तक्रार एकच, दोन्ही पोत्यांवर नुसतं 'तूरडाळ' लिहिलंय. वजन चोख, फोनपे चालतं, परत करायला गेलं तर कुरकुर करत नाहीत, मग मोझांबिक लिहायला काय जातंय? न विचारणारं गिऱ्हाईक स्वस्तवालीच देशी समजून नेतं. पाचपैकी साडेतीन. सकाळी जावा, दुपारी टेम्पो लागले की गाडी लावायला जागा मिळत नाही.